येतो म्हणून गेलेली माणसं

१

दिवा गावातली तिची बालवाडी सुटली की उत्तरा भर दुपारी डोंबिवलीला परत यायची, शेजारच्या गोदामावशींकडून दोन्ही मुलं ताब्यात घ्यायची, त्यांना वरणभात भरवायची आणि बाहेरच्या खोलीत चटई टाकून दोघांच्या मधोमध आडवी व्हायची. सुगत सहा वर्षांचा, मालू तीनची. भरवणं म्हणजे रोजची लढाई.

"जेव ना रे बाबा माझ्या, किती वेळ घोळवतोस तोंडात!"

सुगत गिळायचा.

"आणि तू गं, माझे आई? पाया पडते तुझ्या, तोंड उघड."

मालू तोंड उघडायची.

वैतागलेल्या आया घरोघरी असंच बोलतात. पण या घरात ते इतकं मुरलं होतं की मुलांना त्यांच्या नावानं हाक मारली तर ती जागची हलायची नाहीत. 'बाबा' म्हटलं की सुगत वळायचा, 'आई' म्हटलं की मालू. गोदामावशींना त्याची गंमत वाटायची. "पोरीला आई म्हणतेस आणि ती खुशाल ओ देते! तिकडे तुझ्या आईला उचक्या लागत असतील गं."

आता त्या असं म्हणत नसत. उत्तराची आई फेब्रुवारीत गेली. वडीलही गेले, त्याच दिवशी.

एप्रिलातल्या एका दुपारी उत्तराचा डोळा लागला होता. जाग आली ती सुगतच्या आवाजानं. तो दाराशी उभा होता. दार अर्धं उघडं, एक हात कडीवर. पाहुणे जिना उतरायला लागले की घरातलं मोठं माणूस जसं जरासं बाहेर वाकतं, तसा वाकून तो म्हणाला, "या हां."

मग त्यानं दार लोटलं आणि टाचा उंचावून कडी लावली.

"कुणाशी बोललास रे?"

"आजी-आजोबा चालले होते," तो म्हणाला, आणि चटईवर येऊन मालूच्या हातातला भोवरा हिसकावून घेतला. मालूनं भोकाड पसरलं.

उत्तरा मुलांच्या मनाचं शास्त्र शिकून आली होती, तेही दूर दिल्लीहून. मुलं दुःख खेळून संपवतात, त्यांना खेळू द्यावं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. तिला बरंच वाटलं. मोठ्यांना जे जमत नाही, ते पोरगं दाराशी उभं राहून सहज करत होतं.

काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की या खेळात एक गोष्ट चुकते आहे. मुलं पाहुणे-पाहुणे खेळतात तेव्हा पाहुणे आधी येतात. बेल वाजते, बसा बसा होतं, लुटुपुटूचा चहा होतो. सुगतच्या खेळात कुणी येतच नव्हतं. तो रोज फक्त निरोप द्यायचा.

२

'या' हा शब्द त्या घरात आधीपासूनच दुखरा होता.

उत्तरा कोलशेतची. वडील धाकू खाडीत जाळं टाकायचे, आई चंद्रभागा टोपली घेऊन ठाण्याच्या बाजारात बसायची. पोरीला शिकायला इतक्या लांब धाडणारा बाप वाड्यात दुसरा नव्हता. त्याचा त्यांना अभिमान होता. पोरगी शिकून परत आली, म्हणाली मोठी नोकरी नको, आपल्याच माणसांत काम करायचं आहे. तेही त्यांनी चालवून घेतलं. पण तिच्याबरोबर जगन आला. तिथंच शिकलेला, तिच्याइतकाच पेटून बोलणारा, आता कल्याणच्या कॉलेजात शिकवणारा. कल्याणच्या बौद्ध वस्तीतल्या रमाबाईंचा मुलगा. तिथं बाप अडला.

लग्न नोंदणीनं झालं. कोलशेतहून कुणी आलं नाही. उत्तरा निरोप पाठवत राहिली. या. घर घेतलंय, बघायला या. सुगतच्या बारशाला या. त्याचा पहिला वाढदिवस आहे, या. दिव्याच्या बायकांना ती जातपात तोडण्याच्या गोष्टी सांगायची, त्या माना डोलवायच्या, आणि परत येताना वाटेत तिला हटकून आठवायचं की स्वतःच्या बापाला आपण एक जिना चढायला लावू शकलो नाही.

मालू झाली तेव्हा ती दोघं न सांगता दारात उभी राहिली. चंद्रभागेच्या हातात कोलंबीची पिशवी होती. त्यानंतर दर गुरुवारी यायची. दाराजवळ दोन लोखंडी खुर्च्या होत्या, त्यांवर नुसती टेकायची. कधी आत आली नाहीत. नातवंडांना मांडीवर घ्यायची, मुके घ्यायची. धाकू तंबाखू मळायचा आणि तळहातावर दोनदा थाप मारायचा. मालू त्या आवाजाला खिदळायची. उत्तरा पाण्याचे दोन पेले आणायची.

"आत्ताच पिऊन आयलो गो," धाकू म्हणायचा.

दर वेळी हेच. उन्हातून आलेला माणूस, ओठांना भेगा पडलेल्या, आणि आत्ताच पिऊन आलेला. उत्तरा भरलेले पेले परत आत न्यायची. जगन संध्याकाळी विचारायचा, "काय, आज तरी तहान लागली का तुझ्या बाबांना?" आणि उत्तरा ते दोन पेले पुन्हा घासायला घ्यायची.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी निघताना चंद्रभागा म्हणाली, "येतो गो." उत्तरा म्हणाली, "या." ओळखीच्या माणसाचा भाजीचा टेम्पो ठाण्याकडे निघाला होता, त्यात ती दोघं बसली. शीळफाट्याच्या अलीकडे टेम्पो उलटला.

भेटायला आलेली माणसं म्हणाली, जोडीनं गेली, नशीबवान. हे ऐकलं की उत्तराला हातात येईल ते फेकून मारावंसं वाटायचं.

दहाव्याला कोलशेतच्या खाडीवर घरची माणसं पाण्याकडे तोंड करून उभी राहिली आणि एकेकानं म्हटलं, "जा." त्यांच्या घरची ती पद्धत होती. निघालेल्या माणसाला जन्मात कधी 'जा' म्हणायचं नाही. ते एकदाच, तिथं म्हणायचं. उत्तराची पाळी आली तेव्हा तिनं मान हलवली. मेलेल्यांना जा म्हटलं काय आणि न म्हटलं काय! असल्याच खुळांविरुद्ध तर ती बोलत आली होती. आणि खरं सांगायचं तर आईबापाच्या तोंडावर 'जा' म्हणायला तिची जीभ रेटली नसती. वडिलांची बहीण आवडाबाई तिच्याकडे बघत राहिली.

३

एके दिवशी चहाच्या वेळेला उत्तरा उठली, तर दाराजवळच्या खुर्च्यांखाली पाण्याचे दोन पेले होते. रिकामे. तळाशी थोडी ओल होती.

"पाणी कशाला सांडलंस?" तिनं विचारलं. डोंबिवलीत त्या उन्हाळ्यात नळाला दिवसाआड पाणी होतं, आणि पिंप भरून ठेवलेलं पाणी मुलं खेळायला घेतात याचा तिला राग येत असे.

"सांडलं नाही. आजोबांनी मागितलं."

"आजोबा आपल्याकडे पाणी पीत नव्हते, सुगत."

"आता पितात," सुगत म्हणाला.

तिनं पेले उचलले. खुर्च्यांखालची फरशी कोरडी होती. गॅलरीतल्या कुंड्या कोरड्या होत्या. न्हाणीघरातही कुठं पाणी ओतल्याची खूण नव्हती. मुलानं प्यायलं असेल. दोन पेले? मालूनं प्यायलं असेल. मालू पेल्यानं पाणी पीत नाही, अंगावर सांडते; तिचं झबलं कोरडं ठणठणीत होतं. उत्तरानं हे सगळं नीट तपासलं, आणि आपण तपासतो आहोत याचीच तिला लाज वाटली.

रात्रीच्या जेवणाला तिनं जगनला सांगितलं. हसत सांगायचं ठरवलं होतं, पण आवाज हसरा राहिला नाही.

जगननं घास खाली ठेवला. "मेल्यावर तरी विटाळ सुटला म्हणायचा!"

"जगन!"

"मग काय म्हणू? पोराच्या डोक्यात हे कुठून आलं? तूच कुठंतरी बोलली असशील. आजोबा आपल्याकडचं पाणी पीत नाहीत, हे त्याला कसं ठाऊक?"

"तो काय आंधळा आहे? दर गुरुवारी बघत होता."

"बघ म्हणजे," जगन म्हणाला. "सहा वर्षांच्या पोरानं ते बघितलं, मनात ठेवलं, आणि आता माणसं गेल्यावर तो ते दुरुस्त करतोय. आपल्याला जे जमलं नाही ते. त्याला रागवू नकोस."

बोलणं इतकं शहाणपणाचं होतं की उत्तराला रडू आलं. जगन ताट घेऊन उठला. जाता जाता म्हणाला, "फक्त पाणी जपून वापर म्हणावं."

४

त्यानंतर आठवड्यानं गोदामावशी कपडे वाळत घालताना गॅलरीतून म्हणाल्या, "उत्तरा, राग मानू नकोस हं, पण तुमच्याकडे तंबाखू कोण मळतं गं? जगनराव खातात?"

"नाही. का?"

"दुपारी आवाज येतो. थाप मारल्याचा. आमचे हे खायचे ना, म्हणून कान तयार आहेत माझे." त्यांनी चिमटा तोंडात धरला आणि तसंच बोलल्या, "मुलं टाळ्या वाजवत असतील. तू झोपलेली असतेस, तुला कसं कळणार?"

त्या दुपारी उत्तरा झोपली नाही. मालूला गोदामावशींनी पापड लाटायला म्हणून नेलं होतं, म्हणजे पिठात खेळायला. सुगत वर गच्चीत पतंग बघायला गेला होता. उत्तरा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसली. बाहेरच्या खोलीत काहीतरी खरखरलं. चटईवर बसलेलं माणूस एका बाजूचा भार दुसऱ्या बाजूला टाकतं तेव्हा चटई वाजते, तशी. उत्तरा तांदूळ निवडत राहिली. पुन्हा वाजली. सवयीनं, हातातल्या सुपाकडे बघत, ती ओरडली, "आई, एका जागी बस जरा!"

"हं," बाहेरून आवाज आला.

तिनं दोन-चार खडे काढून बाजूला टाकले, आणि मग तिला आठवलं की मालू घरात नाही.

ती उठून बाहेर गेली. खोली रिकामी होती. पंखा फिरत होता. चटईचा कोपरा पंख्याच्या वाऱ्यानं उचलला जात होता आणि खाली पडत होता. हाच आवाज. आणि ते 'हं'? भिंतीपलीकडे गोदामावशी आहेत, मालू आहे. आपण इथून ओरडलो, तिनं तिकडून ओ दिली. भिंती पातळ आहेत, गोदामावशींना थाप ऐकू येते तशी आपल्याला ओ ऐकू आली. साधी गोष्ट.

तिनं शेजारी जाऊन दार वाजवलं. गोदामावशींनी तोंडावर बोट ठेवलं. मालू पाटावर डोकं ठेवून झोपली होती. गालाला पीठ लागलेलं. "केव्हाची झोपलीय बघ."

५

शाळेला सुट्टी लागली. जगन परीक्षेच्या कामानं उशिरा यायला लागला. उत्तरानं बालवाडी महिनाभर बंद ठेवली आणि ती मुलांबरोबर घरी राहिली. सुगत दाराशी जायचा ती वेळ तिला आता चांगली ठाऊक झाली होती. उन्हाची तिरीप गॅलरीच्या जाळीतून खुर्च्यांच्या पायांपर्यंत आली की तो हातातलं टाकून उठायचा, दार उघडायचा, या हां म्हणायचा. तेवढं झालं की तिला सुटल्यासारखं वाटायचं. चहा टाकता यायचा.

एक दिवस तिरीप खुर्च्यांच्या पायांवरून सीटवर चढली, तिथून भिंतीवर गेली, आणि सुगत चित्र रंगवत बसलेलाच होता.

उत्तरानं वाट बघितली. शेवटी तिनंच विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

"आज निरोप नाही दिलास?"

"आज नाही गेले ते."

"का रे बाबा?"

सुगतनं डोकं वर केलं नाही. "त्यांना एकट्यांना कंटाळा येतो. तुम्ही चला म्हणतात."

"कोण तुम्ही?"

"मी आणि मालू." त्यानं निळा खडू दाबून घासला. "मी म्हटलं, आम्ही पण येतो."

शेजारी बसलेली मालू लगेच म्हणाली, "मी पन येते." खुर्च्यांकडे बघून.

उत्तरानं झटक्यात दोन्ही खुर्च्या उचलल्या, मिटल्या आणि गॅलरीत नेऊन टाकल्या. सुगत तिच्याकडे बघतच राहिला. तो घाबरला नव्हता. त्याला लाज वाटली होती. आईनं पाहुण्यांसमोर वेडंवाकडं वागावं तेव्हा मुलांना वाटते तशी.

संध्याकाळी जेवताना मालू आपलं ताट सरकवून चटईच्या अगदी कडेला बसली. जगन म्हणाला, "अगं, इकडे ये, एवढी जागा आहे." मालूनं मोकळ्या जागेकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली.

जगन हसला. उत्तरानं त्या जागेकडे पाठ केली.

६

दुसऱ्या दिवशी जगन घरी होता. मुलांना त्याच्याकडे सोडून ती कोलशेतला गेली.

आवडाबाई अंगणात बसून मासळी साफ करत होती. टोपलीत फार काही नव्हतंच. कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागल्यापासून मासळीला रॉकेलचा वास यायचा. मिळेल ती घरीच खायची, बाजारात कुणी घेत नसे. उत्तरानं पूर्वी त्यावर मोर्चा काढला होता. मोर्च्याला धाकू आला होता. लेकीच्या लग्नाला आला नाही, मोर्च्याला आला.

"आयलीस," आवडाबाई म्हणाली. "ये. बस. उपाशी रायलीस का, सुकलीस गो इतकी?"

उत्तरानं सांगितलं. निम्मंच सांगितलं. उरलेलं आवडाबाईला सांगावं लागलं नाही.

"तू बोललीस नाय ना," ती म्हणाली. "आमी समद्यांनी बोललं. तूच उभी रायलीस तोंड मिटून. ती तुझ्याच दारातून निघालेली. तू त्यांना या बोललेलीस. मंग ती येनार नाय तर काय करनार? तुझा शब्द मोडतील?"

"मालू होईपर्यंत मोडलाच ना! वर्षानुवर्षं या या म्हणत होते मी, आत्या. तेव्हा नाही आले."

"तेवा जित्ती व्हती. जित्त्या मानसाला लोक असतात गो. भाऊबंद असतात, वाडा असतो." आवडाबाईनं माशाचं पोट चिरलं. "आता त्यांना कोन अडवतंय?"

तिनं हातातला मासा टोपलीत टाकला.

"जा बोल," आवडाबाई म्हणाली. "घरात उभी राऊन बोल. दोघांची नावं नको घेऊस, लेकीनं हाक मारायची तशी मार, आन् जा बोल. एकदाच."

"मला नाही जमणार. आईबापाला कुणी जा म्हणतं का?"

"का? या घरातून निघालीस तेवा बरी बोललीस! 'येते' पन नाय बोललीस. 'जाते' बोललीस. माझा भाऊस या ओट्यावर बसलेला, त्याच्या तोंडावर 'जाते' बोलून चालती झालीस. माझ्या भावजयनं तीन दिस चूल नाय पेटवली." तिनं सुरी धुतली. "तवा जीभ बरी उचलली. आता उचल. पोरं तुझी हायत."

उत्तराला खूप काही बोलायचं होतं. की तुम्ही तेव्हा एकजण तरी माझ्या बाजूनं बोलला असतात तर. की मला जाते म्हणायला लावलं कुणी. की आता मेल्यावर त्यांचं लेकीवर प्रेम उतू जातंय. ती उठली, पदर झटकला.

"येते, आत्या."

"ये," आवडाबाई म्हणाली.

७

जगनला तिनं काही सांगितलं नाही. त्यानं शहाणपणाचं काहीतरी म्हटलं असतं, आणि मग हे करणं तिला शक्य झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी जगन कॉलेजला गेला. गोदामावशी पुण्याला भावाकडे गेल्या होत्या. जेवण झाल्यावर उत्तरानं मुलांना आतल्या खोलीत पलंगावर झोपवलं, ती गाढ झोपेपर्यंत थोपटलं, आणि मधलं दार ओढून घेतलं. गॅलरीतून खुर्च्या आणून पूर्वीच्या जागी मांडल्या. बाहेरचं दार सताड उघडलं. जिना शांत होता. रस्त्यावरून टेम्पो जात होते.

ती खुर्च्यांसमोर उभी राहिली. रिकाम्या खुर्च्यांशी बोलायचं, आपण, ज्या आयुष्यभर... तिनं तो विचार बाजूला सारला. विचार नडत नव्हते. नडत होतं ते वेगळंच. ही माणसं आता रोज येतात. खुर्चीवर टेकत नाहीत, चटईवर बसतात. पाणी पितात. हेच तर तिनं मागितलं होतं. तिच्या मनात आलं, त्यांना राहू द्यावं. मुलांना नेणार नसतील तर राहू द्यावं. पण मालू त्या खुर्च्यांकडे बघून 'मी पन येते' म्हणाली होती.

"बाबा," ती म्हणाली. पुन्हा, मोठ्यानं, सगळा राग गोळा करून म्हणाली. "बाबा, जा! आई, जा तू! पुरे झालं! जा!"

काही हललं नाही. मग चटई एकदा वाजली आणि गप्प झाली. खोलीतली हवा मोकळी झाल्यासारखी वाटली. उत्तरा मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर दाबून रडायला लागली. आई गेल्यावर ती अशी रडलीच नव्हती.

त्या रडण्यात मधलं दार उघडल्याचं तिला कळलं नाही. कळलं ते शेजारून पावलं गेली तेव्हा. तिनं पदर काढला. सुगत दाराशी चपला घालत होता. मालूच्या चपला त्यानं आधीच घालून दिल्या होत्या, उलट्यासुलट्या. त्याचा चेहरा ओरडा खाल्लेल्या मुलाचा होता. खालचा ओठ बाहेर आलेला.

"कुठं रे?"

"तूच म्हणालीस ना," सुगत म्हणाला. "येतो."

मालू म्हणाली, "येते."

उत्तराला समजायला जो वेळ लागला, तेवढ्यात मुलं उंबरा ओलांडून गेली होती. बाबा जा. आई जा. या घरात बाबा कोण होतं, आई कोण होतं? जन्मापासून तिनं ज्यांना त्याच नावानं उठवलं, बसवलं, भरवलं, ती मुलं नाव ऐकून उठली होती आणि निघाली होती.

ती धावली. जिन्यावर साडीत पाय अडकला आणि ती मधल्या वळणावर आपटली. घोट्यातून कळ गेली. जाळीतून खालचं फाटक दिसत होतं. मुलं तिथं पोचलीही होती. जिना उतरताना दर पायरीवर बसणारी मालू एवढ्यात खाली कशी गेली? फाटकापलीकडे टेम्पोंची रांग धडधडत होती. सुगतनं फाटकाचा अडसर काढला.

"सुगत! मालू!"

दोघांपैकी कुणी वळलं नाही. ती नावं त्यांची नव्हतीच.

"बाबा!" ती किंचाळली. "आई! नका जाऊ! या! परत या!"

सुगतचा हात फाटकावर थांबला. दोघं वळली. वर बघितलं. मग शांतपणे परत यायला लागली.

उत्तरानं डोळे मिटले, उघडले. खालच्या पायऱ्यांवर पावलं वाजत होती. एकाला म्हणायचं तर आपण 'ये' म्हणतो. दोन मुलं होती म्हणून ती 'या' म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार होती?

सुगत आधी दिसला. तो जिन्याच्या अगदी कडेनं, भिंतीला खांदा घासत चढत होता, उरलेली सगळी रुंदी मोकळी सोडून. त्याच्या मागून मालू आली. तिचा उजवा हात सरळ वर ताणलेला होता. उंच माणसानं बोट धरलं की लहान मुलाचा हात जसा खांद्यातून वर ओढला जातो, तसा. प्रत्येक पायरीवर ती जरा उचलली जात होती. तिचे पाय पायरीला लागायच्या आत पुढची पायरी यायची.

उत्तरा वाटेतच बसली होती. तिनं साडी आवरली आणि सरकत सरकत भिंतीला पाठ लावली. वाट झाली. सुगत तिच्याकडे न बघता वर गेला. मालूही गेली. त्यांच्याबरोबर जे चढत होतं तेही तिच्या अंगावरून गेलं असावं. तिनं मान वर केली नाही. वरच्या खोलीत चटई सारखी केल्याचा आवाज झाला. कुणीतरी बसलं. आणखी कुणीतरी बसलं.

मग दाराशी कुणीतरी परत आलं आणि जिन्यात वाकून तिला हाक मारली. रागं न भरता, थोडं दमल्यासारखं.

"घरात चल गो पोरी. तितं कशाला बसलीस?"

आवाज मालूचाच होता.